पंधराव्या वाढदिवसाचं जेवण इंदूरमध्ये कुठे करावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: राजेंद्र नगरला राहणारं कुटुंब, लेकीला ऑगस्टमधल्या एका शनिवारी पंधरा पूर्ण होताहेत. ती आणि तिच्या वर्गातल्या सात मित्र-मैत्रिणी, शिवाय आई-बाबा आणि आजी-आजोबा, असे बारा जण. खर्च केकसकट दहा हजारांत बसवायचाय. लेकीला विजय नगरचा एखादा लाउंज हवाय, आजोबांना नीट बसून जेवता येईल असं जुनं हॉटेल, आणि आईला काळजी परतीच्या वेळेची. मुलांमध्ये दोघं जैन आहेत, एक बोहरी आहे.

आधी उत्तर देऊन टाकतो. न्यू पलासिया ते आर. एन. टी. मार्ग या पट्ट्यातलं एखादं शुद्ध शाकाहारी, मल्टिक्युझिन रेस्टॉरंट किंवा मोठा कॅफे घ्या, ज्याचं किचन दुपारनंतर बंद होत नाही. पावणेसहाला टेबल घ्या, आठला उठा, मग मुलांना पाऊण तास छप्पन दुकान या खाऊगल्लीत सोडा आणि सव्वानऊपर्यंत एकेकाला घरी पोचवा. पदार्थ कोणते, हा प्रश्न सगळ्यात शेवटी येतो. इंदुरात बऱ्या जागी वाईट जेवण मिळणं कठीणच. वाढदिवस फसतो तो टेबल, वेळ आणि परतीचा रस्ता यांच्यामुळे.

वेळेपासून सुरुवात करतो, कारण तुमच्या यादीतल्या दोन जैन मुलांनी ती जवळजवळ ठरवूनच टाकलीय. ऑगस्ट म्हणजे चातुर्मास, आणि महिन्याच्या शेवटी-शेवटी पर्युषण हे जैनांचं उपवासाचं पर्वही येऊ शकतं. घरात चौविहार पाळत असतील तर सूर्यास्तानंतर पाणीसुद्धा चालत नाही. इंदूरला ऑगस्टमध्ये सूर्य सातच्या आसपास मावळतो. म्हणजे साडेआठच्या पार्टीत ही दोघं नुसती बसून राहणार, आणि पंधराव्या वर्षी आपण एकटेच वेगळे आहोत हे मुलांना फार लागतं. सगळी जैन घरं इतकं कडक पाळत नाहीत. म्हणून मुलांना विचारू नका, त्यांच्या आयांना फोन करा. मुलगी म्हणेल "चलता है आंटी", आणि मग टेबलावर हात आखडता घेईल. आईला सरळ दोन गोष्टी विचारा: रात्री खाते का, आणि कांदा-लसणाबरोबर बटाटाही बंद आहे का.

दुसरी बाब श्रावणाची. आपला श्रावण अमावास्येला संपतो, इथल्या हिंदी घरांतला सावन राखीपौर्णिमेला. त्यांचा आपल्यापेक्षा पंधरा दिवस आधी सुरू होतो. म्हणजे मिश्र घरांच्या मुलांचा वर्ग असेल तर जुलै-ऑगस्टमध्ये सुमारे दीड महिना असा जातो की टेबलावरचं कुणी ना कुणी मांसाहार सोडलेलं असतं. बोहरी मुलाला हलालचा प्रश्न येतो तो वेगळाच. या सगळ्यावर एकच सोपा उपाय आहे, किचनच शुद्ध शाकाहारी निवडायचं. मग कुणाला कुठल्या ताटातलं चालतं याची चर्चाच होत नाही. केक एगलेस, हे ओघानं आलंच.

आता पावणेसहाला जेवायला बसायचं म्हटलं की एक अडचण येते आणि ती बहुतेकांना तिथे पोचल्यावर कळते. पुष्कळ रेस्टॉरंट दुपारी साडेतीन-चारला किचन बंद करतात आणि सातला उघडतात. दार उघडं असतं, वेटर पाणीही आणून ठेवतो, पण तंदूर थंड असतो. कोळशाचा तंदूर पेटवल्यावर आत रोटी चिकटेल इतका तापायला तास-दीड तास जातो. म्हणून फोनवर "सहाला उघडं असता का?" असं विचारू नका, त्याला उत्तर नेहमी "हो"च येतं. विचारा, "तंदूर किती वाजता लागतो? सहाला चायनीज आणि पिझ्झा मिळेल का?" कॅफे आणि हॉटेलांची कॉफी शॉप्स दिवसभर चालू असतात, म्हणून मी त्यांच्याकडे वळायला सांगतोय. तंदूरचे पदार्थ सातनंतर, मोठ्यांच्या टेबलावर घ्या.

वेळेचा आराखडा असा बसतो. पावणेपाचला घरीच औक्षण. सुपारी, अंगठी, निरांजन, सगळं नीट, आजीच्या हातून. हे रेस्टॉरंटमध्ये करायचा आग्रह धरू नका. वर्गमित्रांसमोर ताटाखाली मान घालून बसलेली मुलगी आणि एसीच्या झोतात विझणारी वात, दोन्हींत औक्षणाचा आनंद राहत नाही. घरी तिलाही ते मनापासून आवडेल. पावणेसहाला टेबलावर, लगेच पेयं. सहाला स्टार्टर, आणि जैन मुलांचं मुख्य जेवणही त्याच वेळी. साडेसहाला केक. हो, जेवणाआधी केक, म्हणजे सूर्यास्ताआधी सगळ्यांच्या तोंडात पडतो. पावणेसातनंतर बाकीच्यांचं जेवण. ही वेळ आजी-आजोबांनाही मानवते. रक्तदाब-साखरेच्या गोळ्या घेणाऱ्या माणसाला साडेनऊला पहिला घास देणं बरं नव्हे.

लाउंजबद्दल लेकीशी स्पष्ट बोला. विजय नगर, स्कीम ५४ या भागात जागा सुंदर आहेत, रीलमध्ये छान दिसतात, आणि तिला तिथे का जायचंय हे मला पूर्ण समजतं. पण शनिवारी साडेआठपासून तिथे डीजे किंवा लाइव्ह सिंगर सुरू होतो, आठ जणांच्या टेबलावर समोरच्याचं बोलणं ऐकू येत नाही, आणि शेवटी सगळे आपापल्या मोबाइलमध्ये डोकं घालतात. मध्य प्रदेशात दारू पिण्याचं किमान वय २१ आहे. बार असलेल्या जागी संध्याकाळनंतर अल्पवयीन मुलांच्या घोळक्याला दारावरच अडवलं जाऊ शकतं. घरच्या मोठ्यांसकट गेलं तर आत सोडतात, मात्र मुलांना वेगळं टेबल मिळेलच असं नाही. शिवाय राजेंद्र नगर शहराच्या एका टोकाला आणि विजय नगर दुसऱ्या टोकाला. पावसाळी शनिवारी संध्याकाळी पाऊण तास ते तास फक्त जाण्याचा, ए. बी. रोडवर काम चालू असेल तर आणखी. तिला दुपारचा पर्याय द्या: दिवाळीच्या सुट्टीत दोघी-तिघी मैत्रिणींबरोबर तिथल्याच एखाद्या जागी कॉफी. बहुतेक मुली हे मान्य करतात, अट एवढीच की नकाराचं कारण खरं सांगितलेलं असावं.

बाकीचे पर्यायही लोक सुचवतील, म्हणून झटपट. टेबलावर शेगडी ठेवून अमर्याद स्टार्टर देणारी बुफे ठिकाणं: माणशी दर असतो आणि लहान मुलांची सवलत साधारण नऊ-दहा वर्षांपर्यंतच, पंधराच्या मुलाला पूर्ण पैसे. माणशी ९०० धरले तर बारा जणांचे १०,८००, करासह ११,३४०, आणि आजी-आजोबा खाणार दोन चमचे भात. नको. सयाजी, मॅरियट, रॅडिसन, शेरेटनसारखी मोठी हॉटेलं: सेवा उत्तम, टेबलं मोकळी, पण कराचं गणित वेगळं, ते पुढे सांगतो. बायपासचा फिनिक्स मॉल: मुलांना आवडतो, पण तुमच्या घरापासून लांब, आणि परत येताना रात्रीच्या ट्रकांमधून यावं लागतं. राऊकडची राजस्थानी गावाच्या थाटाची नखराली ढाणी तुम्हाला जवळ पडते आणि आठ-नऊ वर्षांच्या मुलांसाठी मी तीच सांगितली असती. पंधराच्या मुलांना उंटाची सफर आणि कठपुतळी 'बच्चों वाली' वाटते, आणि ऑगस्टमध्ये उघड्यावर चिखल. रूफटॉप: मार्च किंवा ऑक्टोबर असता तर मालव्यातल्या संध्याकाळच्या वाऱ्यासाठी मी हट्टानं तेच सांगितलं असतं, पण ऑगस्टमध्ये सर आली की बारा जणांना आत जागा मिळत नाही.

टेबलाबद्दल जरा सविस्तर, कारण सगळी गंमत तिथेच घडते किंवा बिघडते. पंधराच्या मुलांना दोन गोष्टी एकाच वेळी हव्या असतात: आपण मोठे झालोय असं वाटावं, आणि मोठं माणूस हाकेच्या अंतरावर असावं. म्हणून दोन टेबलं घ्या, आठ जणांचं आणि चार जणांचं. लागून नकोत, मध्ये एक-दोन टेबलं असू देत. मोठ्यांच्या टेबलावरून मुलं दिसली पाहिजेत, त्यांचं बोलणं ऐकू येता कामा नये. आई-बाबांची पाठ त्यांच्याकडे असेल तर अजून छान. मुलं दिसतील अशा बाजूला आजोबांना बसवा, नजर ठेवायचं काम ते आनंदानं करतात.

आठचं टेबल म्हणजे काय, हे आधी जाऊन बघा. बहुतेक ठिकाणी चौघांची दोन टेबलं जोडतात आणि समोरासमोर चार-चार बसतात. गोंगाटात बोलणं तीन खुर्च्यांपलीकडे पोचत नाही. त्यामुळे दोन्ही टोकांचे दोन-दोन जण तुटतात आणि पार्टीच्या दोन पार्ट्या होतात. गोल टेबल किंवा तिन्ही बाजूंनी सोफा असलेला कोपरा मिळाला तर तोच धरा. जोडटेबलच असेल तर जिचा वाढदिवस तिला टोकाला बसवू नका, लांब बाजूच्या मधोमध बसवा. आई-बाबा हौसेनं तिला 'मानाच्या' टोकाच्या खुर्चीत बसवतात आणि ती संध्याकाळभर दोघांशीच बोलते. जो लाजरा मित्र किंवा नवी मैत्रीण असेल, ती तिच्या बरोबर समोर.

पाहणीला आदल्या शनिवारीच जा, त्याच वेळी, सहा ते सात. मंगळवारी दुपारी शांत दिसणारी जागा शनिवारी ओळखू येत नाही. काय बघायचं: स्पीकर कुठल्या टेबलाच्या डोक्यावर आहे, किचनचं दार आणि बाथरूमची वाट कुठून जाते, एसीचा झोत कुठे पडतो. बाथरूम आत जाऊन बघा, ओली फरशी आणि दोन पायऱ्या आजींसाठी त्रासाच्या. आणि उजेड. मुलांना फोटो हवेच असतात. डोक्यावरून एकच पिवळा दिवा असेल तर डोळ्यांखाली काळं येतं, भिंतीवरून समोर पडणारा उजेड असेल तर चेहरा छान येतो. मोबाइलनं तिथेच एक सेल्फी काढून बघा, दहा सेकंदांत कळतं.

फोन दुपारी चार ते सहाच्या मध्ये करा. त्या वेळी मॅनेजर मोकळा असतो. रात्री साडेआठला फोन उचलणारा फक्त "हो हो, आ जाइए" म्हणतो आणि रजिस्टरमध्ये नुसते 'बारा' लिहितो. तुमचं वाक्य असं असू द्या: "शनिवारी पावणेसहा, दोन टेबलं, आठ आणि चार, शेजारी नकोत पण समोरासमोर दिसतील अशी. कॅप्टन, म्हणजे वेटरांचा प्रमुख, कोण असेल? टेबल आमच्याकडे किती वाजेपर्यंत?" हा शेवटचा प्रश्न विसरू नका. पुष्कळ जागी शनिवारी दोन तासांनी तेच टेबल दुसऱ्याच्या नावावर असतं, आणि केक कापताना दारात पुढची मंडळी उभी असतात. हजार-दोन हजार आगाऊ यूपीआयनं द्या आणि तारीख, वेळ, माणसं व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. शुक्रवारी एकदा, शनिवारी चारला एकदा आठवण.

जैन जेवण आदल्या दिवशी सांगणं का गरजेचं, तेही सांगतो. ऐन वेळी वेटर "जैन हो जाएगा" म्हणतो आणि त्याचा हेतू चांगलाच असतो. पण पनीर टिक्क्याचं पनीर दुपारीच आलं-लसणाच्या दह्यात मुरलेलं असतं. लाल आणि पांढरी ग्रेव्ही सकाळीच मोठ्या पातेल्यात होते, तिच्यात कांदा असतो. पिझ्झाच्या सॉसमध्ये लसूण, मंचुरियनच्या सॉसमध्येही. ऐन वेळी फक्त वरचा कांदा काढता येतो. आदल्या दिवशी सांगितलं तर टोमॅटोचा वेगळा सॉस, न मुरवलेलं पनीर बाजूला ठेवतात. दोन जैन मुलांसाठी एक जैन पिझ्झा आणि एक व्हाइट सॉस पास्ता आधी सांगून ठेवा. फ्राइज त्यांना बटाट्यामुळे चालणार नाहीत, त्याऐवजी नाचोज किंवा कॉर्न सांगा. आणि हे पदार्थ सगळ्यांच्या मध्ये ठेवायला सांगा, त्यांच्या दोघांच्या पुढ्यात वेगळे नकोत. इतरही तेच खातील.

ॲलर्जीची चौकशीही त्याच फोनमध्ये. काजूची पेस्ट जवळजवळ प्रत्येक पांढऱ्या आणि मखनी ग्रेव्हीत असते, आणि मेन्यूत ती लिहिलेली नसते. दहा किंवा जास्त शाखा असलेल्या साखळी रेस्टॉरंटना मेन्यूवर ॲलर्जनची माहिती देणं एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं बंधनकारक केलंय, एकट्या-दुकट्या रेस्टॉरंटमध्ये तुम्हालाच विचारावं लागतं. कुणाला शेंगदाणा किंवा सुकामेवा चालत नसेल तर कॅप्टनला नाव आणि खुर्ची दाखवून सांगा.

ऑर्डर मुलांनी तिथे बसून द्यायची नाही, स्टार्टर आधीच ठरवा. आठ मुलं आठ वेगवेगळे पदार्थ मागतात, आणि किचनमध्ये त्या एका ऑर्डरच्या चिठ्ठ्या तंदूर, चायनीज, कॉन्टिनेंटल अशा तीन-चार जागी जातात. नूडल्स आठ मिनिटांत येतात, पिझ्झाच्या ओव्हनमध्ये एका वेळी दोनच बसतात, सिझलरला आणखी वेळ. परिणाम असा की तिघं खाऊन मोकळे आणि दोघं रिकाम्या ताटासमोर. पदार्थांची संख्या कमी आणि प्लेटी जास्त, हे सूत्र ठेवा. स्टार्टरच्या प्लेटीत साधारण सहा ते आठ नग असतात, आठ जणांना दीड-दोन मिळायला एका पदार्थाच्या दोन प्लेटी लागतात. तीन प्रकार, प्रत्येकी दोन प्लेटी, शिवाय फ्राइज आणि नाचोज एक-एक. दहा इंची पिझ्झाचे सहा तुकडे होतात, तीन पिझ्झा पुरतात. दोन पास्ता. नूडल्स घेऊ नका, पुढे छप्पनला जायचंय. निवड मात्र लेकीची. मेन्यूचा फोटो आधी मागवून तिच्याबरोबर घरी बसून ठरवा, यातच तिचा निम्मा वाढदिवस साजरा होतो.

आता पैसे. मधल्या दर्जाच्या रेस्टॉरंटचे भाव धरून हिशेब मांडतो, तुमच्या मेन्यूप्रमाणे आकडे बदला. स्टार्टर सहा प्लेटी ३०० च्या भावानं १,८००. फ्राइज आणि नाचोज मिळून ३६०. पिझ्झा तीन, ४०० प्रमाणे १,२००. पास्ता दोन, ७००. मॉकटेल आठ, १८० प्रमाणे १,४४०. मुलांचं टेबल ५,५००. मोठ्यांचं: दोन सूप ३२०, दोन भाज्या ६४०, डाळ २६०, आठ रोट्या ४००, भात २२०, रायतं-पापड १६०, म्हणजे २,०००. एकूण ७,५००. साध्या रेस्टॉरंटला जीएसटी ५ टक्के, ३७५ रुपये, बिल ७,८७५. ज्या हॉटेलात ७,५०० रुपयांवर भाडं असलेल्या खोल्या आहेत, त्याच्या आवारातल्या रेस्टॉरंटमध्ये हाच दर १८ टक्के, म्हणजे १,३५० रुपये आणि बिल ८,८५०. जवळजवळ हजाराचा फरक, तोही मोठ्या हॉटेलात पदार्थांचे भाव मुळातच जास्त असताना. बुकिंगच्या वेळी "कर पाच की अठरा?" हा प्रश्न बिनधास्त विचारा.

७,८७५ मध्ये केकचे १,००० आणि छप्पनसाठी प्रत्येक मुलाच्या हातात १०० प्रमाणे ८०० मिळवा, ९,६७५ झाले. उरलेले सव्वातीनशे वेटरला. बारा जणांना सांभाळणाऱ्या मुलाच्या हातात ते थेट द्या. बिलात सर्व्हिस चार्ज आपोआप लावलेला दिसला तर तो काढायला सांगायचा तुम्हाला हक्क आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची ४ जुलै २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं तशी आहेत आणि दिल्ली उच्च न्यायालयानं २८ मार्च २०२५ ला ती योग्य ठरवली. शांतपणे सांगितलं की बहुतेक ठिकाणी काढतात, नाहीतर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे. पण ही बोलाचाली मुलांच्या टेबलापासून लांब, काउंटरवर करा. कॅप्टनला आधीच सांगून ठेवा की बिलाचं फोल्डर त्या टेबलावर जाताच कामा नये. आणि पाणी कुठलं, तेही आधीच: साधं पाणी म्हटलं नाही तर बारा बाटल्या उघडून ठेवतात.

केक बारा जणांना एक किलो पुरतो, पाऊणशे ग्रॅमचा तुकडा दिला तरी आजोळी न्यायला एक तुकडा उरतो. दीड किलो घेतलात तर तो रात्री फ्रीजमध्ये जाणार. बाहेरचा केक चालतो का, आणि त्याचे वेगळे पैसे लावतात का, हे आधी विचारा. ऑगस्टच्या दमट हवेत फ्रेश क्रीम तासाभरात खचायला लागतं. म्हणून पोचल्याबरोबर तो त्यांच्या फ्रीजमध्ये जायला हवा, आणि एक किलोच्या केकचा साधारण दहा इंची डबा मावेल इतकी जागा आहे का, हे त्यांना विचारून ठेवा. फाँडंटचा, म्हणजे साखरेच्या लगद्याचा थर असलेला, केक फ्रीजमधून काढला की घाम येतो, रंग ओघळतात, या महिन्यात तो टाळाच.

तीन गोष्टींना मात्र ठाम नकार द्या, यात मी अजिबात सवलत देणार नाही. पहिली, स्नो स्प्रे. त्यातला वायू ज्वालाग्राही असतो, पेटत्या मेणबत्तीवर फवारला तर भडका थेट चेहऱ्यावर येतो, आणि नेमकं फुंकर मारतानाच मित्र तो उडवतात. दुसरी, गॅसचे फुगे. फुगेवाला हेलियम म्हणतो, पण स्वस्त फुग्यांत पुष्कळदा हायड्रोजन असतो, आणि तो ठिणगीनं पेट घेतो. साधे हवेचे फुगे भिंतीला लावा. तिसरी, केकवरची फुलबाजीसारखी उडणारी मेणबत्ती. बंद हॉलमध्ये तिच्या धुरानं अलार्म वाजतो, आणि राख क्रीमवर पडते ती वेगळी. मुलांच्या पालकांच्या ग्रुपवर दोन दिवस आधी एक ओळ टाका, आणि रेस्टॉरंटलाही सांगा. स्टाफनं टाळ्या वाजवत गाणं म्हणायचं का, हे लेकीला विचारून ठरवा. काहींना ते फार आवडतं, काहींना जमीन दुभंगावी असं होतं.

छप्पन दुकान मी मुद्दाम या योजनेत ठेवलंय. मुलांना मोकळं फिरायला हवं असतं आणि रेस्टॉरंटमध्ये ते शक्य नसतं. छप्पनच्या समोरची पट्टी फक्त पायी चालणाऱ्यांसाठी आहे, बसायला बाकं आहेत, उजेड भरपूर. शंभर रुपयांत खोपरा पॅटिस, हॉट डॉग, घट्ट दुधाची इंदुरी शिकंजी यांतलं दोन-तीन काही होतं. तुम्ही एका टोकाला बाकावर बसा, पाऊण तासानं तिथेच भेटायचं असं ठरवा. सराफा बाजारातली रात्रीची खाऊगल्ली या वेळी नको. ती दागिन्यांची दुकानं मिटल्यावर नऊ-साडेनऊला रंगात येते, शनिवारी गल्लीत खांद्याला खांदा लागतो, आणि आठ मुलांचा घोळका तिथे पाच मिनिटांत पांगतो. सराफ्याला लेकीला वेगळ्या रात्री न्या, चौघंच. जैन मुलांना छप्पन नको असेल तर त्यांच्या पालकांना आठला रेस्टॉरंटवरच बोलवा.

परतीचं काम बोलावणं करतानाच उरका. कोण कुणाला सोडणार, याची यादी पालकांच्या नंबरांसकट आई आणि बाबा दोघांकडे. दोन गाड्या लागतात. एका गाडीत चारपेक्षा जास्त मुलं कोंबू नका. आणि कुणीही स्कूटरवर यायचं नाही, हे आमंत्रणातच लिहा. नववी-दहावीची मुलं सर्रास ॲक्टिव्हा चालवतात आणि पालक डोळेझाक करतात. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे अल्पवयीन मुलानं गाडीवरून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक जबाबदार, २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद, आणि गाडीची नोंदणी बारा महिने रद्द. कायदा बाजूला ठेवला तरी पावसात पाण्याखाली गेलेला खड्डा पंधराच्या मुलाला दिसत नाही.

शनिवारी दुपारीच मुसळधार सुरू झाला तर छप्पन सोडून द्या, रेस्टॉरंटमधलंच टेबल साडेआठपर्यंत वाढवून मागा आणि ते ८०० रुपये दोन सिझलिंग ब्राउनी आणि नूडल्सवर खर्च करा. ही शक्यता चारच्या फोनमध्येच मॅनेजरच्या कानावर घालून ठेवा, म्हणजे तो आठनंतरचं बुकिंग तुमच्या टेबलावर घेणार नाही.